क्लच पेडल जड झालं की आधी केबल सोडून बघा, पार्ट नंतर घ्या

मारुती ८००, ओम्नी, झेन, अल्टो अशा जुन्या केबलवाल्या गाड्यांचं क्लच पेडल जड झालं की काम बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून सुरू होतं. आधी नवी केबल पडते. फरक पडला नाही की ॲडजस्टिंग नट आवळून बघतात, मग ढिला करून बघतात. तरीही पाय भरून येतोच, म्हणून गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला जातो. एवढं झाल्यावर कळतं की दोष पेडलच्या सुकलेल्या बुशमध्ये (पिनवर बसणाऱ्या छोट्या बाहीत) किंवा लिव्हरच्या गंजलेल्या शाफ्टमध्ये होता आणि तो अजून तसाच आहे.

तुमच्या पायाचा जोर एका ठरलेल्या वाटेने जातो. पेडल, पेडलचा पिन आणि बुश, केबल, गिअरबॉक्सवरचा क्लच लिव्हर, त्या लिव्हरचा शाफ्ट, रिलीज बेअरिंग आणि शेवटी प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या (चकतीसारख्या स्प्रिंगच्या) पाकळ्या. ही वाट मधेच तोडायची आणि जडपणा कुठल्या बाजूला उरतो ते बघायचं, एवढीच या तपासणीची युक्ती आहे. केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडायला पंधरा मिनिटं पुरतात. ते करून होईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

(तुमच्या गाडीत केबल नसून हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा क्लच असेल, तर १ ते ३ हे टप्पे करा आणि थेट टप्पा ८ वर जा.)

## तयारी

हत्यारं फार लागत नाहीत. १०, १२ आणि १४ नंबरचे पाने, पकड, पेचकस, चांगला टॉर्च, स्टीलची पट्टी, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, थोडं लिथियम ग्रीस आणि चिंध्या. मल्टिमीटर असेल तर उत्तम, त्याचं काम पुढे येईल. जोडीला एक माणूस मात्र हवाच. पेडल दाबताना दुसऱ्या टोकाला काय होतं, हे एकट्याला दिसत नाही.

गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

हात घालण्याआधी एक नोंद करून ठेवा. गाडी अर्धा तास चालवून गरम झाल्यावर पेडल दाबून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पुन्हा दाबून बघा. सकाळी ठीक आणि गरम झाल्यावर जड असं असेल, तर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून गेलेल्या केबलवर पहिला संशय घ्यायचा. ही नोंद थंड गाडीवर नंतर करता येत नाही, म्हणून ती आधी.

सावधान: ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक गाडीखालूनच गाठावं लागतं. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. दोन्ही बाजूंना मजबूत स्टँड लावा, गाडी त्यांच्यावर टेकवा, हाताने हलवून खात्री करा आणि मगच आत शिरा.

## टप्पा १ : तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा

‘जड’ या एका शब्दात पाच वेगवेगळे दोष दडलेले असतात. इंजिन बंद ठेवून पेडल अगदी सावकाश, मनात पाच आकडे मोजत, तळापर्यंत दाबा आणि तितकंच सावकाश सोडा. पायाऐवजी हाताच्या तळव्याने दाबलंत तर जास्त कळतं.

पेडल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच जड लागत असेल आणि सोडल्यावर झटकन वर येत असेल, तर जोर खरोखरच वाढलेला आहे. म्हणजे प्रेशर प्लेट किंवा झिजलेली क्लच प्लेट.

दाबायला जड आणि वर यायला आळशी असेल, तर मधे कुठेतरी घर्षण आहे. केबल, बुश किंवा शाफ्ट. ही दुसरी खूण सगळ्यात उपयोगाची आहे, कारण स्प्रिंगचा जोर वाढला तर पेडल जोरात परत येतं आणि घर्षण वाढलं तर ते रेंगाळतं. परतीची चाल कुणी बघतच नाही आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

अडखळत, टप्प्याटप्प्याने पेडल खाली जात असेल तर केबलचे आतले तार तुटत आलेत, किंवा रिलीज बेअरिंग त्याच्या नळीवर अडकतंय.

फक्त सुरुवातीचा सेंटिमीटरभर भाग चिकटल्यासारखा वाटून पुढे हलकं होत असेल, तर पेडलचा पिन किंवा लिव्हरचा शाफ्ट सुकलाय.

आणि पेडल हलकंच आहे पण गिअर पडायला जड जातोय, अशी तक्रार असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाला) चिकटते. तेव्हा गिअर पडत नाही, पेडल मात्र नेहमीसारखंच असतं.

## टप्पा २ : पायाशी बघा

रबरी मॅट आणि त्याखालचा गालिचा बाहेर काढा. एकावर एक टाकलेल्या मॅटांमुळे पेडलची चाल तळाशी अडते आणि ‘शेवटी फार जोर लागतो’ अशी तक्रार येते. हे मिनिटभरात कळतं, म्हणून आधी.

मग डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. पेडल ज्या आडव्या पिनवर फिरतं, तिथे दोन्ही बाजूंना बुश असतात. पेडलचा पाय ठेवायचा भाग धरून तो डावीकडे-उजवीकडे हलवा. दोन-तीन मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर बुश झिजलेत, पेडल तिरकं दाबलं जातंय आणि पिनवर घासतंय. पिनभोवती तांबूस भुकटी दिसली तर तो गंज आहे. पूर येऊन गेलेल्या किंवा गालिचा सतत ओला राहणाऱ्या गाडीत ही भुकटी हमखास सापडते.

तपासा: पेडल दाबताना आवाज कुठून येतो? कान डॅशबोर्डखाली नेऊन जोडीदाराला पेडल दाबायला सांगा. आतून करकर आली तर बुश. बॉनेटच्या बाजूने आली तर केबल किंवा लिव्हर.

## टप्पा ३ : फ्री प्ले मोजा, पण नट फिरवू नका

पेडल बोटाने हलकेच दाबा. प्रतिकार सुरू होईपर्यंतची मोकळी चाल म्हणजे फ्री प्ले. पेडलशेजारी पट्टी उभी धरून मोजा. या छोट्या गाड्यांत पेडलवर साधारण १५ ते २५ मिमी आणि गिअरबॉक्सवरच्या लिव्हरच्या टोकाला २ ते ४ मिमी प्ले असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि तोच धरा.

मोजलेला आकडा लिहून ठेवा. ॲडजस्टिंग नटच्या मागे-पुढे किती आटे शिल्लक आहेत तेही मोजून लिहा. टप्पा ७ मध्ये ही दोन्ही आकडेवारी लागेल.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. पेडल जड म्हणून नट आवळला जातो. आवळल्याने पेडल हलकं होत नाही. फक्त फ्री प्ले संपतो. प्ले संपला की रिलीज बेअरिंग सतत पाकळ्यांवर टेकून फिरत राहतं आणि काही महिन्यांत कुरकुरायला लागतं. आणखी आवळलं तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, घाटात गाडी ओढत नाही आणि प्लेट जळते. उलट, नट फार ढिला केला तर पेडल वरच्या भागात हलकं वाटतं, पण क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स गिअर खरखरतो. नट हा प्ले ठरवण्यासाठी आहे. जडपणाचं औषध तिथे नाही.

## टप्पा ४ : मुख्य कसोटी. केबल लिव्हरवरून सोडा

इंजिन थंड असू द्या. गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरच्या टोकाला केबलचा आट्यांचा दांडा येतो आणि त्यावर ॲडजस्टिंग नट असतो. आधी त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढा. आट्यांवरची माती वायर ब्रशने घासून काढा, स्प्रे मारा आणि दहा मिनिटं थांबा. घाणेरड्या आट्यांवर नट फिरवला तर आटे मरतात आणि धडधाकट केबलही फेकावी लागते.

आता नट पूर्ण काढा आणि दांडा लिव्हरमधून सोडवा. आटे पकडीने धरू नका. दांडा फिरत असेल तर आट्यांमागचा कोरा भाग धरा.

जोडीदाराने केबलचं मोकळं टोक बोटांत धरून अगदी हलका ताण द्यायचा. तुम्ही आत बसून पेडल हाताने दाबा आणि सोडा. जोडीदाराने तार पुन्हा आपल्याकडे ओढून घ्यायची. असं दहा वेळा करा.

निकाल दोनच प्रकारचे लागतात.

पेडल दोन बोटांनी सहज खाली जातं आणि तारही बोटांत लोण्यासारखी सरकते: पेडल आणि केबल या दोघांवरचा संशय गेला. टप्पा ६ वर जा.

केबल सुटलेली असूनही पेडलला जोर लागतो, किंवा तार अडत-अडत परत येते: दोष अलीकडच्या बाजूला आहे. गिअरबॉक्सला हात लावायची गरज नाही. टप्पा ५ करा.

सावधान: केबल सुटलेली असताना पेडल पायाने जोरात मारू नका. दांड्याचं टोक ब्रॅकेटमधून आत खेचलं जाऊन वाकतं.

## टप्पा ५ : पेडल की केबल?

केबलचं पेडलकडचं टोक हुकमधून काढा. डॅशबोर्डखाली मान वाकडी करून करायचं हे काम आहे आणि पहिल्यांदा वेळ लागतो. आता पेडल एकटं उरलं. ते बोटाने हलवा. त्याच्या परतीच्या स्प्रिंगचा हलका ताण सोडला तर कुठलाही अडथळा नको. अडथळा असेल तर पिन काढून तो बारीक पॉलिश पेपरने साफ करा, झिजलेले बुश बदला, ग्रीस लावून पुन्हा बसवा. बाहेरून तेलाचे चार थेंब सोडले तर आठवडाभर बरं वाटतं. मग त्याच तेलावर धूळ बसते आणि जडपणा वाढून परत येतो.

पेडल मोकळं निघालं तर केबल पूर्ण बाहेर काढा. काढण्याआधी ती कुठून कशी जाते, कुठल्या क्लिपमध्ये अडकवली आहे, याचे तीन-चार फोटो हवेत.

काढलेली केबल जमिनीवर साधारण गाडीत होती तशाच बाकाने ठेवा. सरळ धरून तपासू नका, कारण खराब केबलही सरळ धरली की बरी चालते. एका हाताने बाहेरचं आवरण धरा आणि दुसऱ्या हाताने तार मागे-पुढे करा. चांगली केबल बोटांच्या ताकदीने सरकते. वाळू चिरडल्यासारखं जाणवलं, मधेच एका जागी अडली, तर ती संपली.

मग पेडलकडच्या टोकाचा शेवटचा दोन-तीन सेंटिमीटर भाग टॉर्चखाली बघा. तार म्हणजे बारीक पोलादी धाग्यांचा पीळ असतो. त्यातला एखादाच धागा तुटून केसासारखा वर आलेला असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण चिंधी फिरवली की सुताचा दोरा त्यात अडकतो. तो तुटलेला धागा आवरणाच्या तोंडावर घासतो आणि प्रत्येक दाबाला पेडल अडखळतं. अशी केबल किती दिवस टिकेल याचा अंदाज बांधू नका. आजच बदला. ती तुटते ती पेडल पूर्ण दाबल्यावर, म्हणजे सिग्नलला गिअरमध्ये उभं असताना.

जुन्या केबलमध्ये तेल सोडावं का? साध्या पोलादी आवरणाच्या जुन्या केबलमध्ये तेलाने काही दिवस निघतात. हल्लीच्या बहुतेक केबलमध्ये आत प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यांना तेल लागत नाही. तिथे इंजिन ऑइल सोडलं की धूळ धरून चिखल होतो. आमचं मत स्पष्ट आहे: केबल अडत असेल तर ती बदलावी, जगवू नये.

### केबल का बिघडली तेही शोधा

नवी केबल काही महिन्यांतच जड झाली, तर केबलला दोष देऊन तिसरी आणू नका. कारण गाडीत आहे. ही चार ठिकाणं बघा.

वाट. केबल मोठ्या गोलाईत गेली पाहिजे. सीएनजी किट बसवताना किंवा बॅटरीचा ट्रे बदलताना ती बाजूला सारली जाते आणि तिला कोनासारखा बाक येतो. त्या बाकात तार आवरणाला चिरत जाते.

उष्णता. आवरणावर चकाकी, फुगवटा किंवा वितळल्याची खूण म्हणजे ती मॅनिफोल्डला टेकतेय. क्लिप तुटलेली असणार.

इंजिन माउंटिंग. माउंटिंगचं रबर बसलं की इंजिन-गिअरबॉक्स खाली येतात आणि केबलचा बाक बदलतो. गाडी सुटताना थरथरतही असेल तर केबलबरोबर माउंटिंगही बघा.

अर्थिंग. हे कारण सर्वांत कमी लोक तपासतात आणि आवर्जून सांगावं असंच आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली किंवा तुटली, तर सेल्फ मारताना स्टार्टरचा प्रचंड करंट दुसरी वाट शोधतो. क्लच केबल इंजिनपासून बॉडीपर्यंत लोखंडानेच गेलेली असते, त्यामुळे तो तिच्यातून वाहतो. तार आतून तापते, अस्तर वितळतं, केबल जड होते. तपासायला मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या कोऱ्या धातूवर टेकवा. जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. ०.५ च्या वर गेलं तर अर्थची पट्टी आधी बदला, तिची दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि मग नवी केबल टाका.

सावधान: ही कसोटी केबल सोडलेली असताना घेताय, म्हणजे क्लच दाबला जाणार नाही. गाडी न्यूट्रलमध्येच आहे ना, हे सेल्फ मारण्याआधी गिअर लिव्हर हलवून बघा.

## टप्पा ६ : लिव्हर हाताने हलवून बघा

केबल सुटलेली आहे, पेडल-केबल निर्दोष आहेत. आता लिव्हर हाताने, केबल ज्या दिशेला ओढते त्या दिशेला ढकला. तो थोडा सहज फिरतो आणि मग खडकाला लागल्यासारखा अडतो. तिथे रिलीज बेअरिंग पाकळ्यांना टेकलं. त्यापुढे तो हाताने जात नाही, हे बरोबरच आहे, दोष नाही. पुष्कळ जण इथे ‘लिव्हर जाम आहे’ असा चुकीचा निष्कर्ष काढतात.

बघायचं ते टेकण्याआधीचं. ती छोटी चाल मऊ हवी आणि हात सोडला की लिव्हर आपोआप मागे यायला हवा. ढकलावा लागत असेल, परत येत नसेल, किंवा फिरवताना कुईं असा आवाज येत असेल, तर लिव्हरचा शाफ्ट जिथे गिअरबॉक्सच्या घरात (बाहेरच्या कवचात) शिरतो तिथला बुश सुकलाय किंवा गंजलाय. त्या जागेचं रबर किंवा सील फाटलं की पावसाचं पाणी आणि चिखल थेट आत जातो.

खात्री करायला शाफ्टच्या मुळाशी स्प्रेचा एक छोटा झोत मारा, पंधरा मिनिटं थांबा, लिव्हर वीस-पंचवीस वेळा हलवा. फरक पडला तर निदान पक्कं. हा उपाय तात्पुरता आहे हे लक्षात ठेवा. खरा उपाय शाफ्ट काढून बुश बदलण्याचा आणि तो पुढच्या वेळी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा करता येतो.

सावधान: स्प्रे धो-धो मारू नका. जास्तीचं तेल घराच्या आत उतरून क्लच प्लेटवर गेलं तर प्लेट घसरायला लागते आणि मग ती बदलण्यावाचून इलाज नाही.

## टप्पा ७ : आतला दोष पक्का करा

पेडल ठीक, केबल ठीक, लिव्हर मोकळा. उरतो गिअरबॉक्सच्या घरातला भाग. पण घर उघडणं म्हणजे दिवसभराचं काम आणि मोठा खर्च, म्हणून त्याआधी पुरावा गोळा करा.

क्लच प्लेट झिजली की पेडल जड होतं, हे पुष्कळांना पटत नाही. कारण असं: प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायफ्रॅमच्या पाकळ्यांची टोकं उलट बाहेर, बेअरिंगकडे येतात. स्प्रिंग आता वेगळ्या कोनात बसलेली असते आणि तिला दाबायला नव्यापेक्षा जास्त जोर लागतो. म्हणूनच हा जडपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. रोज गाडी चालवणाऱ्याला तो कळतही नाही, दुसरा कुणी बसला की लगेच सांगतो.

पुरावे असे मिळतात. फ्री प्ले पुन्हा पुन्हा संपतो आणि दर वेळी नट ढिला करावा लागतो. टप्पा ३ मध्ये मोजलेले आटे ढिल्या बाजूला संपत आलेत. क्लच अगदी वर उचलतो, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलते. तिन्ही खुणा जुळल्या तर प्लेट संपत आली आहे.

शेवटची कसोटी केबल पुन्हा जोडून, प्ले बरोबर लावून घ्यायची. मोकळ्या मैदानात, पुढे कुणी नसताना, हँडब्रेक ओढून आणि उजवा पाय ब्रेकवर घट्ट ठेवून इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) सुरू करा, चौथा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. पेडल पूर्ण सुटूनही ते फिरत राहिलं तर प्लेट घसरतेय. ही कसोटी एकदाच घ्या, पुन्हा पुन्हा घेतली तर बरी प्लेटही तापते.

आवाजही ऐका. आयडलवर पेडलवर हलका पाय ठेवताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. उलट, पेडल दाबल्यावर आवाज थांबत असेल तर तो गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. जडपणाशी त्याचा संबंध नाही.

## टप्पा ८ : हायड्रॉलिक क्लच असेल तर

क्वालिस, स्कॉर्पिओ, इनोव्हा यांसारख्या गाड्यांत केबलऐवजी पेडलकडचा मास्टर सिलिंडर, पाइप आणि गिअरबॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर असतात. तत्त्व तेच, वाट तोडायची जागा वेगळी.

आधी पेडलपासून मास्टर सिलिंडरचा पुश रॉड सोडवा आणि पेडल एकटं हलवून बघा. काही गाड्यांच्या पेडलला पायाचा भार हलका करणारी एक जाड स्प्रिंग असते. ती तुटली किंवा निसटली की पेडल एकदम जड होतं. जडपणा एका दिवसात आला असेल तर ही स्प्रिंग आधी बघा.

पेडल मोकळं असेल तर पुश रॉड जोडून स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीडिंग निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा उघडा. जोडीदाराने पेडल सावकाश दाबायचं. पेडल हलकं गेलं तर दोष स्लेव्हच्या पुढे, म्हणजे स्लेव्हचा पिस्टन, फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा), बेअरिंग किंवा प्रेशर प्लेट. तरीही जड गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा पाइप. मग मास्टरच्या तोंडाशी पाइपचा नट थोडा ढिला करून पुन्हा दाबा. आता हलकं झालं तर रबरी होज आतून फुगून बंद झालाय. तरीही जड तर मास्टरच.

सावधान: पेडल वर सोडण्याआधी निपल बंद करा, नाहीतर हवा आत जाते. यातलं ब्रेक फ्लुइड रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली, जड पेडलसाठी ब्लीडिंग करणं. हवा शिरली तर पेडल मऊ होतं, जड नाही. दुसरी फार महागात पडते: टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतणं. त्याने आतली सगळी रबरं फुगतात, पिस्टन अडकतो, आणि दोन्ही सिलिंडरची रबरं व होज बदलावे लागतात. झाकणावर लिहिलेला डॉट ३ किंवा डॉट ४ हाच ब्रेक फ्लुइडचा प्रकार वापरा.

## टप्पा ९ : नवी केबल बसवण्याचा क्रम

१. नवी आणि जुनी केबल शेजारी ठेवून आवरणाची लांबी, तारेची लांबी, दोन्ही टोकांचा आकार आणि ब्रॅकेटची जागा जुळवा. दोन मॉडेलच्या केबल दिसायला सारख्या असतात. सेंटिमीटरभर फरक असेल तरी प्ले लागत नाही.

२. आधी पेडलकडचं टोक बसवा. हुकवर मटारएवढं ग्रीस पुरे. फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीतलं) रबर नीट बसलंय ना ते बघा, नाहीतर पावसात तिथूनच पाणी आत येतं.

३. केबल फोटोत होती त्याच वाटेने न्या, सगळ्या क्लिप लावा. मॅनिफोल्डपासून लांब ठेवा.

४. दांडा लिव्हरमध्ये घाला, नट हाताने लावा आणि फ्री प्ले मुद्दाम थोडा जास्त ठेवा.

५. पेडल पूर्ण चालीत तीस वेळा दाबा. नवं आवरण आपल्या जागी बसतं आणि प्ले बदलतो. हे न करता लावलेला प्ले दोन दिवसांत चुकतो.

६. आता प्ले मॅन्युअलप्रमाणे लावा आणि आट्यांना ग्रीसचा पातळ हात मारा.

## टप्पा १० : गिअरबॉक्स उतरलाच तर

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. एकटी प्लेट बदलून वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीत जातात. त्याच वेळी लिव्हर शाफ्टचे बुश आणि बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती नळी बघा. नळीवर नखाला लागणारे ओरखडे असतील तर नवं बेअरिंगही तिथे अडकणार आणि पेडल अडखळणार. क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती असेल तर तेही आत्ताच.

ग्रीस अगदी पातळ लावायचं: नळीवर, शाफ्टच्या बुशमध्ये आणि इनपुट शाफ्टच्या दात्यांवर. प्लेट आणि फ्लायव्हीलच्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

सावधान: जुन्या क्लचच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या पाइपने ती उडवू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.

नवा सेट पडूनही पेडल जड राहिलं, तर दोन कारणं असतात. एक, मॉडेल जुळत नाही अशी किंवा कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट बसली आहे. जुनी प्लेट गॅरेजमधून परत मागून घ्या, म्हणजे पार्ट नंबर ताडता येतो. दोन, जुनी झिजलेली केबल तशीच ठेवली आहे.

## गाडी बाहेर काढण्याआधी

इंजिन सुरू करून क्लच पूर्ण दाबा, तीन आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. खरखर होता कामा नये. झाली तर प्ले जास्त आहे. पेडल सोडताना ते पायाच्या मागोमाग वर येतं का ते बघा. घरापासून दहा-बारा किलोमीटर चालवून, इंजिन गरम असतानाच पुन्हा पेडल दाबा आणि पहिल्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना प्ले पुन्हा मोजा आणि तो आकडा तारीख व किलोमीटरसह मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर लिहा. पुढची मोजणी १,००० किलोमीटरवर.